पुस्तकात तसं नाहीये

काही माणसांना सिनेमा दिसतच नाही. पडद्यावर शहर बुडो, चंद्र फुटो की यंत्रमानव रडो. ह्यांच्या डोळ्यांसमोर कादंबरीचं एक पान उघडं असतं आणि पडदा त्या पानाशी जुळत नाही, एवढंच त्यांना कळतं. आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव ऐसपैस तीन शब्दांचं आहे, पण वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना ‘मूळकाका’ म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते सांगता येणार नाही. ज्याचं प्रत्येक दुसरं वाक्य ‘मूळ पुस्तकात’ असं सुरू होतं, त्याला ते आपोआपच चिकटलं असणार. काकांना नाव ठाऊक आहे आणि त्यांची तक्रारही नाही.

तसं करंजाड्यात आम्ही बरेचसे उपरेच. जुनं गाव आहे ते गावकऱ्यांचं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांतली काही कुटुंबं इथे आणि शेजारच्या वडघरात आली. बाकीचे आम्ही कोणी लालबागचे, कोणी साताऱ्याचे, कोणी डोंबिवलीला कंटाळलेले. मुंबईत परवडेना म्हणून पनवेलच्या पलीकडे येऊन टेकलेले. थोडक्यात, सगळा माल दुसऱ्या आवृत्तीचा. त्यात मूळकाका गिरगावातल्या चाळीतून आले ते अकरा खोकी पुस्तकं घेऊन. तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती. ती खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या हमालांपैकी एक जण खाली येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, “ह्याच्यापेक्षा तिजोरी बरी. निदान आत काहीतरी असतं.”

काका निवृत्त ड्राफ्ट्समन. त्यामुळे आयुष्यभर नकाशाप्रमाणे बांधकाम झालंय की नाही हेच पाहिलेलं. अंगाने सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन्सिल आणि खूण म्हणून पुस्तकात घालायला जुनी लोकलची तिकिटं. सिनेमा बघताना त्यांची तर्जनी हळूहळू वर जाते, क्रिकेटच्या पंचासारखी. ती पुरती वर गेली की समजायचं, दिग्दर्शक बाद.

विज्ञानकथा हा त्यांचा खास प्रांत. सामाजिक कादंबरीवरचा सिनेमा त्यांना फारसा छळत नाही. ‘सिंहासन’मध्ये अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र कालवल्यात, हे ते शांतपणे सांगतात आणि वर “पण तेंडुलकरांनी कालवल्यात” असं म्हणून सोडूनही देतात. पण वेल्स, व्हर्न, क्लार्क ही नावं आली की सोडणं नाही. “प्रेमकथेत नायिकेची साडी बदलली तर बदलू दे,” ते म्हणतात, “पण इथे लेखकाने एकच गोष्ट कल्पिलेली असते. तीच काढली तर उरलं काय? पोशाख!” हे त्यांचं म्हणणं मला पटतं. फक्त ते सिनेमा चालू असताना म्हटलं जातं, एवढीच अडचण.

मागे एका गणपतीत कमिटीने ठरवलं, यंदा ऑर्केस्ट्रा नको, स्टिल्ट पार्किंगमध्ये पडदा लावून मुलांना सिनेमा दाखवू. मुलांनी २००२ सालचा ‘द टाइम मशीन’ निवडला. सेक्रेटरींनी भाबडेपणाने माइक मूळकाकांच्या हातात दिला आणि “दोन शब्द बोला” म्हणाले.

“मित्रहो,” काकांनी सुरुवात केली, “ही कादंबरी १८९५ ची. हिच्यातल्या नायकाला नाव नाही. तो नुसता काळप्रवासी. तो यंत्र का बनवतो? कुतूहल! माणसाचं पुढे काय होतं ते बघायचंय, बस्स. आता तुम्ही बघाल त्या सिनेमात काय आहे? ह्याची वाग्दत्त वधू मरते, तिला वाचवायला हा यंत्र बनवतो. नुसत्या कुतूहलापायी माणूस आठ लाख वर्षं पुढे जाईल, हे ह्या लोकांना पटत नाही. बाईपायी जाईल म्हटलं, की लगेच पटतं!”

“तुम्ही गेला असतात का?” खुर्च्यांमधून काकूंचा आवाज आला. पार्किंगभर हशा. काका थबकले, पण थांबले नाहीत.

“आणि कळस म्हणजे, हा सिनेमा दिग्दर्शित कोणी केलाय? सायमन वेल्स! म्हणजे कादंबरीकाराचा सख्खा पणतू!”

हे मात्र लोकांना भिडलं. पणजोबाने मिळवलेलं पणतवंडाने फुंकलं, ही कथा आमच्या भागात समजावून सांगावी लागत नाही. मागच्या रांगेत गावातले एक आजोबा बसले होते, त्यांनी गंभीरपणे विचारलं, “सातबारा कोणाच्या नावावर होता?”

काकांना उत्तर सुचलं नाही, पण खरं दुखणं त्यांनी मग सांगितलं, आणि तेव्हा ते गमतीत नव्हते. वेल्सच्या कादंबरीत इसवी सन ८०२७०१ मध्ये माणसाच्या दोन जाती झालेल्या असतात. वर उन्हात बागडणारे, जेमतेम चार फुटी, नाजूक, बिनडोक एलॉय. आणि खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. एलॉय म्हणजे बसून खाणाऱ्यांचे वंशज, मॉरलॉक म्हणजे राबणाऱ्यांचे. इतकी वर्षं ज्यांना जमिनीखाली ढकललं, ते आता रात्री वर येऊन मालकांना खातात. “गिरणीच्या भोंग्यावर ज्याचं घर उठत होतं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही,” काका म्हणाले. “१९६० च्या सिनेमात ह्यांनी त्याचं कारण युद्ध करून टाकलं. २००२ मध्ये तर चंद्र फोडला. मालक-कामगार सोडून काहीही चालेल ह्यांना. चंद्र फोडतील, पण मालकाचं नाव घेणार नाहीत!”

तोवर आरतीची वेळ झाली. सिनेमा त्या दिवशी अर्ध्यावरच राहिला. मुलांना अजून वाटतं की त्यात चंद्राचं पुढे काहीतरी झालं असेल.

‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’बद्दल काकांचा आक्षेप भौगोलिक आहे. कादंबरीत मंगळावरचे लोक लंडनजवळच्या वोकिंगला उतरतात. १९५३ मध्ये ते कॅलिफोर्नियाला उतरले, २००५ मध्ये न्यू जर्सीला. “भाडं कुठे स्वस्त, ते बघून उतरतात की काय?” असं काका विचारतात. करंजाड्यात राहून हा प्रश्न विचारणं धाडसाचंच. वेल्सने तीन पायांची यंत्रं लिहिली होती; १९५३ वाल्यांनी ती उडती केली. स्पीलबर्गने पाय परत दिले, पण यंत्रं आधीपासून जमिनीत पुरून ठेवलेली दाखवली. “म्हणजे रस्ता खणताना कोणाला दिसली नाहीत? आपल्याकडे असती तर पहिल्याच केबलवाल्याने काढली असती.” हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. पाद्र्याचा मुद्दा त्याहून चांगला. कादंबरीतला पाद्री भेदरट, अधाशी, आणि शेवटी नायकच त्याच्या डोक्यात दणका घालतो; १९५३ च्या सिनेमात पाद्री छाती पुढे काढून मंगळवाल्यांना सामोरा जातो आणि हुतात्मा होतो. वेल्सचं आणि चर्चचं किती सख्य होतं ते ज्याला ठाऊक आहे, त्याला इथे हसू आवरत नाही. काका एकटेच हसतात.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्यांना आणखी एक निमित्त मिळालंय. २५ डिसेंबर २०२५ ला पहिली विमानं उडाली, आणि तेव्हापासून कोणी पाहुणा त्या विमानतळावर उतरणार असला की काका त्याला ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चा मूळ शेवट सांगतात. सिनेमात चार्ल्टन हेस्टनला वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, तो सगळ्या जगाला माहीत. पण पिएर बूलच्या १९६३ च्या फ्रेंच कादंबरीत नायक पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर उतरतो, स्वागताला गाडी येते, गाडीतून अधिकारी उतरतो, आणि तो गोरिला असतो. काकांचा भाचा बंगळुरूहून आला तेव्हा त्याने टॅक्सीतून उतरताच सांगितलं, “मामा, सामान घेताना मी सगळ्यांचे चेहरे नीट बघितले. नक्की सांगता येत नाही.”

आता माझं मत. पुतळ्याचा शेवट सरस आहे. कादंबरीतला गोरिला वाचताना दचकवतो, पण पडद्यावर लोक खो खो हसले असते. हे मी एकदाच काकांजवळ बोललो. त्यांनी मला उत्तर दिलं नाही. चष्मा काढला, पुसला, आणि तो न लावताच माझ्याकडे बघत राहिले. मी स्पष्ट दिसायची त्यांना त्या क्षणी गरज वाटली नसावी.

काकूंचं ह्या सगळ्यात काय होतं, असं कोणी विचारेल. काकूंचा आवडता सिनेमा ‘मिस्टर इंडिया’. तो टीव्हीवर लागला की काका वेल्सचा १८९७ चा ‘अदृश्य माणूस’ काढून बसतात. मूळ ग्रिफिन थंडीत उघडा फिरतो, कारण माणूस अदृश्य होतो, कपडे नाहीत. इथे कोट-टोपीसकट गायब. मूळ ग्रिफिन आधीपासूनच उलट्या काळजाचा; १९३३ च्या सिनेमाने तो दोष औषधावर ढकलला, आणि आपल्याकडे तर तो अनाथ मुलं सांभाळतो! त्यात शास्त्रीय फट वेगळीच: डोळ्याचा पडदाच पारदर्शक झाला तर त्यावर प्रतिमा उमटणार कुठे? अदृश्य माणूस आंधळाच असायला हवा. काकू हे सगळं भाजी निवडत ऐकतात. एकदा मात्र म्हणाल्या, “ज्ञानोबांनी सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या केल्या. तेव्हाही ‘मुळात असं नाहीये’ म्हणणारं कोणीतरी पैठणला असणारच. त्याचं नाव कोणाच्या लक्षात आहे का?”

त्या दिवशी काकांनी ‘मिस्टर इंडिया’ शेवटपर्यंत पाहिला.

एका बाबतीत मात्र काका विनोदाचा विषय नाहीत, आणि ती बाब म्हणजे कॅप्टन नेमो. ज्यूल व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’मध्ये पाणबुडीचा हा मालक कोण, कुठला, हे शेवटपर्यंत कळत नाही. व्हर्नच्या मनात आधी तो पोलंडचा, रशियाने छळलेला असा होता. प्रकाशकाला रशियातल्या खपाची काळजी, म्हणून ते गाळलं गेलं. पुढे १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘मिस्टीरिअस आयलंड’मध्ये व्हर्नने गाठ सोडली: नेमो म्हणजे राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्यात घरदार गमावलेला. म्हणजे जगातली सगळ्यांत गाजलेली पाणबुडी एका भारतीय बंडखोराची! पहिल्या पुस्तकातही खूण आहे. सिलोनच्या समुद्रात नेमो जीव धोक्यात घालून एका गरीब भारतीय पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, आणि तो दडपलेल्या देशाचा आहे, त्याच देशाचा मीही, असं सुचवतो.

१९५४ च्या डिस्नेच्या सिनेमात नेमो झाला जेम्स मेसन. काम उत्तम, माणूस गोरा. बुंदेलखंड गेलं, सत्तावन्न गेलं. त्याच्या जागी काय आलं? कर्क डग्लस आणि एक पाळीव सी लायन. “सत्तावन्नच्या जागी सी लायन!” हे वाक्य काका ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात आमच्याकडे माणसं जमिनीचा मोबदला सांगतात. पुढे २००३ मध्ये ‘लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’मध्ये नसीरुद्दीन शहा दाढी-फेट्यासह नेमो झाले, तेव्हा काका थिएटरात उभे राहिले होते म्हणतात. सिनेमा सुमार होता, पण तेवढं एक त्यांनी माफ केलं.

आणि मग २०२४ मध्ये ‘नॉटिलस’ नावाची दहा भागांची मालिका आली. नेमो भारतीय राजपुत्र, भूमिकेत शाझाद लतीफ. सत्तर वर्षांचा अन्याय दूर झाला असं मानून मी पेढे घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. काका तिसरा भाग बघत होते. तर्जनी वर.

“कंपनीच्या कैदेत होता म्हणे, आणि त्यांचीच पाणबुडी पळवली म्हणे. अहो, नॉटिलस त्याने स्वतः बांधली! भाग जगभरातल्या कारखान्यांतून वेगवेगळ्या नावांनी मागवले, निर्जन बेटावर जोडले. पुस्तकात आख्खा तपशील आहे!”

पेढे काकूंनी घेतले.

ह्या तटबंदीला पहिलं भगदाड पाडलं बी विंगमधल्या एका दहावीच्या मुलीने. तिने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ पाहिला होता आणि कादंबरीही वाचली होती, म्हणजे वादाला पुरेशी सशस्त्र होती. काका तिला सांगत होते की मूळ पुस्तकात यान शनीपर्यंत जातं, कुब्रिकने ते गुरूवरच थांबवलं, कारण शनीची कडी पडद्यावर नीट जमेनात. मुलगी म्हणाली, “पण काका, सिनेमा एप्रिल १९६८ चा. पुस्तक त्याच्यानंतर काही महिन्यांनी आलं. क्लार्क आणि कुब्रिक दोघं मिळून लिहीत होते. मग मूळ कोणतं?”

काकांनी क्लार्कच्या १९५१ च्या ‘सेंटिनल’ कथेकडे माघार घेतली. पण त्या कथेत तर ना शनी, ना गुरू, ना तो हॅल संगणक. चंद्रावर एक पिरॅमिडसारखी वस्तू सापडते, एवढंच. मुलीने शेवटचा घाव घातला. “आणि क्लार्कने १९८२ मध्ये पुढचा भाग लिहिला ना, ‘२०१०’, त्यात त्याने स्वतःचं पुस्तक सोडून सिनेमातला गुरूच धरला. लेखकानेच सिनेमा मूळ मानला, काका.”

हे खरं आहे. मी पडताळून पाहिलं. काकांनीही पाहिलं असावं, कारण दोन दिवस ते सकाळी फिरायला आले नाहीत.

दुसरं भगदाड मला त्यांच्याच कपाटात सापडलं. त्यांनी ज्या ‘मूळ’ व्हर्नच्या आणाभाका घेतल्या, तो त्यांना दहाव्या वर्षी भेटला कुठे? भा. रा. भागवतांच्या मराठीत. ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. फास्टर फेणेच्या जन्मदात्याने मराठी मुलांसाठी केलेली, आटोपशीर, चुरचुरीत रूपांतरं. पानं पिवळी, कोपरे झिजलेले, आत शाळेचा शिक्का. परत करायचं राहून गेलेलं पुस्तक. इंग्रजी व्हर्न काकांनी नोकरीला लागल्यावर फोर्टच्या फुटपाथवरून घेतला, आणि तो इंग्रजीदेखील फ्रेंचवरून आलेला. म्हणजे हा मूळचा कैवारी वाढला तो रूपांतरावर. मी हे बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी फ्रेंच शिकायला घेतलं असतं, आणि काकूंचा विचार करायला हवा.

तिसरी गोष्ट मात्र सगळ्या इमारतीला माहीत आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी ओढीचं. टँकरची वाट बघत संध्याकाळी सगळे खाली जमतात, मुलं कंटाळतात आणि मग मूळकाका गोष्ट सांगतात. ती एकदा ऐकावी. नॉटिलस मुंबईच्या बंदरातून घारापुरीला वळसा घालून पनवेलच्या खाडीत शिरते. भाल्याने मासे मारणारा नेड लँड उरणचा कोळी होतो आणि कोळ्यासारखाच भांडतो. नेमो सगळं समुद्रातलंच खातो, हे पुस्तकात आहे. काकांचा नेमो मात्र जिताड्याचं कालवण खातो आणि कोकम कमी पडलं म्हणून आचाऱ्याला दम देतो. भरतीचं पाणी गाढी नदीत चढतं तेव्हा कर्नाळ्याच्या सुळक्यावरून गोरे दुर्बिणीतून बघत असतात. नेमो मराठीत हुकूम सोडतो. आणि शेवटी पाणबुडी भोवऱ्यात सापडते, पण बुडत नाही. दुसऱ्या दिवशी टँकर वेळेवर आला नाही तर गोष्ट पुढे चालू ठेवावी लागते ना.

एका संध्याकाळी पाचवीतल्या एका मुलाने हात वर केला. “काका, मी लायब्ररीतून पुस्तक आणलं. पुस्तकात असं नाहीये.”

सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी त्या मुलाला जवळ बोलावलं आणि अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, “बाळा, पुस्तक लिहिणाऱ्याला पनवेलची खाडी माहीत नव्हती.”

कुब्रिक, स्पीलबर्ग आणि तो पणतू ह्यांपैकी कोणालाही आपल्या बचावात इतकं नेमकं बोलता आलं नसतं. माझ्यापुरता मी निकाल असा दिलाय: वेल्सच्या पुस्तकांत जे बोचतं ते काढून टाकणारे सिनेमे काकांनी खुशाल बाद करावेत, तिथे त्यांची तर्जनी योग्यच. नेमोच्या बाबतीत तर त्यांचं शंभर टक्के खरं. ‘मिस्टीरिअस आयलंड’ न वाचता डिस्नेचा नेमो बघू नये. पण जिताडं घालायची परवानगी सगळ्यांनाच हवी.

ता. क. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक वन बीएचके भाड्याने आहे. हॉलची भिंत मूळकाकांच्या हॉलला लागून. भाडं इतर मजल्यांपेक्षा थोडं कमी आहे. का, ते मालक सांगत नाहीत.